‘आखर’चा उन्हाळा

चिखलीच्या बाजारात बी-बियाण्यांच्या एका दुकानावर एक खोली आहे. तिथं जायचा जिना बाहेरून आहे, लोखंडी आणि असा अरुंद, की वरून कुणी येत असलं तर खालच्यानं मुकाट्यानं थांबायचं. परवा सकाळी त्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले आणि दुकानातला वास नाकात गेला. सरकीचा, फवारणीच्या औषधाचा, नव्या पोत्यांचा. पुण्याहून केलेल्या प्रवासानं अंग आंबून गेलं होतं, डोळे चुरचुरत होते. पण तो वास आला आणि मी बॅग खाली ठेवून नुसतीच उभी राहिले. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आहे. "काय पाह्यजे ताई?" त्यानं विचारलं. आता त्याला काय सांगणार, काय पाहिजे ते.

वर सदाभाऊ वाट पाहत होते. मला आणि चिखलीतल्या कितीतरी पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवला तो या माणसानं. तेव्हाही त्यांना कुणी सर म्हटलेलं खपत नसे. ‘सर म्हणशीन तं फी डबल’ असा दम भरायचे, म्हणून ते सगळ्यांचे भाऊच राहिले. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "एकडाव येऊन जाय," ते म्हणाले. "आपलं आखर बंद करून टाकू. माह्याच्यानं आता होत नाही."

मी येते म्हणाले. बंद करू असं काही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मी त्यांचं मन वळवायलाच आले होते, आणि ते कसं वळवायचं हे मला बसमध्ये शेवटपर्यंत सुचलं नव्हतं.

आखर ही आमची वेबसाइट. आमच्याकडं गावाबाहेरच्या ज्या मोकळ्या जागेत सकाळी गावची गुरं जमतात आणि तिथून चरायला जातात, त्या जागेला आखर म्हणतात. जुनी माणसं अक्षरालाही आखरच म्हणत. नाव मंदानं सुचवलं होतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी तिथं जमायचं, एकमेकांना विचारायचं, आणि जे कळलं ते आपल्या बोलीत लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याचं अडलं की त्यानं ते पान काढून बघावं. फंक्शन म्हणजे काय, लूप कसा चालतो, अमुक चूक कशानं येते. पुस्तकं मिळायची, नाही असं नाही, पण ती इंग्रजीत, आणि वर्गात येणाऱ्या पोट्ट्यांचा निम्मा जीव त्या इंग्रजीतच जायचा. ही जागा आम्ही तिघं सांभाळायचो. सदाभाऊ, मंदा आणि मी. मंदा पुढं सदाभाऊंची बायको झाली. ती गेली त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या.

"आली का," सदाभाऊ म्हणाले. "बस. चहा मांडतो."

खोलीत आता वर्ग भरत नाही. बाकं गेली, त्या जागी लग्नपत्रिका छापायचं मशीन आलंय आणि भिंतीला टेकून गुलाबी कागदांचे गठ्ठे. सदाभाऊंचे केस पांढरे झालेत, चष्मा दोरीनं गळ्यात आलाय. कोपऱ्यात मात्र आमचा तो पहिला कॉम्प्युटर तसाच होता, जुन्या साडीच्या तुकड्याखाली झाकलेला. सदाभाऊ दूध बघायला आत गेले तशी मी साडी बाजूला केली आणि त्याच्या डब्यावर हात ठेवला. गार होता. मला तो कायम गरमच आठवतो.

कारण सुरुवातीला अख्खं आखर त्या एका डब्यात राहायचं. पुढं आम्ही त्याला दूरच्या सर्व्हरवर भाड्यानं जागा घेतली, पण पहिली काही वर्षं जगात कुठूनही कुणी आखर उघडलं की या खोलीतला हा डबा घरघरायचा. उन्हाळ्यात त्याची झाकणं काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावायचो, आणि आम्ही तिघं घामानं निथळत बसायचो. त्याच्या अंगावर सदाभाऊंनी कागद डकवला होता: ‘हे मशीन बंद करू नये.’ त्याखाली मंदाच्या गोल अक्षरात: ‘बंद कराल तं गुरं आखरावरून वापस जातीन.’

मंदा वरवट बकालची. तिच्या वडिलांची मिरची, कांदा आणि थोडी केळी. शिकायला म्हणून चिखलीत मावशीकडं राहायची. सुट्टीवरून परत आली की तिच्या पिशवीला वाळल्या मिरचीचा असा खाट असायचा की वर्गात ओळीनं शिंका सुरू व्हायच्या. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली कळण्याची भाकर, ठेचा, आणि फडक्याच्या टोकाला मिठाची पुडी. कीबोर्डवर ती एका बोटानं टाइप करायची. आणि टाइप करताना मोठ्यानं बोलायची. आधी तोंडातून शब्द, मग बोटातून. त्यामुळं ती जशी बोलायची तशीच पानं उमटायची. शाळेची शाया, डोळ्याचे डोये. सदाभाऊंनी एकदा म्हटलं, हे जरा पुस्तकी भाषेत लिहिलं तर? त्यावर ती म्हणाली, "पुस्तकी भाषेत समजलं असतं तं पोट्टे आपल्याकडं कायले आले असते?"

तिचं लूपवरचं पान मला आजही जसंच्या तसं येतं. त्या पानाचं नाव होतं ‘दारं धरणं’. ‘वावरात पाणी द्याचं हाय. पहिला वाफा भरला का त्याचं तोंड बंद करा, दुसऱ्याचं खोला. दुसरा भरला का तिसऱ्याचं. हरएक वाफ्याले तेच काम. यालेच लूप म्हणतात. वाफे सरले का मोटर बंद करा. मोटर बंद कराची राहिली तं पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाते अन् मंग भांडण होते. प्रोग्रॅम हँग होते तो असाच.’ प्रत्येक पानाच्या शेवटी ठळक अक्षरात एक मथळा: ‘काऊन?’ त्याखाली ती गोष्ट तशी का आहे याचं कारण. कारण ठाऊक नसलं तर मंदा सरळ लिहायची, ‘काऊन ते मले समजलं नाही. ज्याले समजलं त्यानं सांगा.’ आणि सांगायचे लोक. पिंपळगाव राजाहून एक मास्तर सांगायचे, शाळेत गणित शिकवून दमलेले असले तरी. कुठून कुठून, नाव न ऐकलेल्या गावांहून सांगायचे.

त्या काळी लाइट जायची वेळ ठरलेली होती, आणि म्हणून आखरचीही. लाइट गेली की यूपीएस कुईकुई करायला लागायचा. मंदा हातातलं टाकून धावायची आणि पहिल्या पानावर पाटी लावायची: ‘चिखलीत लाइट गेली हाय. थोड्या वेळानं या.’ यूपीएसमध्ये जीव असेपर्यंत ती पाटी दिसायची, मग पाटीसकट सगळंच बुडायचं. या पाटीचा उपयोग काय, मी एकदा विचारलं. "न सांगता जाणं बरं दिसत नाही व," मंदा म्हणाली. हळूहळू काय झालं, दूरदूरच्या लोकांना आमच्या लाइटचं वेळापत्रक पाठ झालं. ज्यांनी चिखली नकाशावरही पाहिली नव्हती ते लिहायचे, आज तुमच्याकडं सकाळची लाइट नाही ना, मग प्रश्न दुपारी टाकतो. वाचून आमची छाती फुगायची. लाइट नसल्याचा अभिमान वाटावा असे ते दिवस होते.

पान वर चढवायची आमची एक रीत होती. ज्यानं लिहिलं त्यानं ते खोलीत मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकणाऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. ऐकणारा ‘हाव’ म्हणाला की पान चढलं. नाही म्हणाला तर पुन्हा लिहा. माझी ‘हाव’ स्वस्त होती, कारण मला भूक लागलेली असायची. सदाभाऊंची मिळायची थोडं घासाघीस करून. मंदाची ‘हाव’ मिळवायला मात्र नाकी नऊ यायचे. ती डोळे मिटून, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायची, आणि वाचणाऱ्याचा आवाज कुठं जरी अडखळला तरी एक डोळा उघडायची. तो एक डोळा उघडला की समजायचं, गेलं पान.

"साखर किती?" आतून आवाज आला. मी म्हटलं, "पाह्यजे तेवढी टाका ना भाऊ." जिना चढता चढता माझी जीभ आपोआप बदलते, हे मला दर वेळी पहिल्या वाक्यालाच कळतं. पुण्यातल्या ऑफिसात मी ‘मला-तुला’वाली बाई आहे. वाईट वाटतं अशातला भाग नाही. पण इथं येऊन ‘मले’ म्हटलं की घट्ट चप्पल काढल्यावर पायाला वाटतं तसं वाटतं.

या ‘मले’वरूनच तर तो उन्हाळा घडला.

सदाभाऊ पुण्याला गेले होते. कॉम्प्युटरवाल्यांचा काही मेळावा होता, तिथं त्यांनी पडद्यावर आखर दाखवलं. लोक हसले. वाईट मनानं नसतील हसले, पण हसले. एकानं विचारलं म्हणे, हे असं मुद्दाम लिहिलंय का, गंमत म्हणून? सदाभाऊ परत आले ते गप्प. विचारलं तर ‘काही नाही, बस हलत व्हती’. दुसऱ्या दिवशी मंदा आणि मी यायच्या आत, एकटे बसून, त्यांनी आखरची सगळी पानं एका झटक्यात शुद्ध करून टाकली. कसं, तर कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं ‘ले’ दिसेल तिथं तिथं ‘ला’ कर. मलेचं मला होईल, तुलेचं तुला होईल, झालं पुणेरी.

आम्ही आलो तेव्हा ते खिडकीशी उभे होते, परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखे. मंदानं पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. "नवीन माणसांनी आधी हा लाख वाचावा." ती थांबली. "भाऊ, हा कोणता लाख हाय?"

लेखाचा लाख झाला होता. केलेलीची केलाली, चालेलचं चालाल. लेकराचं लाकरू. कॉम्प्युटरला काय कळतंय, कुठला ‘ले’ वऱ्हाडातला आणि कुठला महाराष्ट्रभरचा. सांगितलं ते त्यानं इमानेइतबारे केलं.

"लोकं हासले व," सदाभाऊ म्हणाले. एवढंच.

मंदाच्या तोंडाकडं मी पाहिलं. मला वाटलं आता हिचा पट्टा सुटणार. ती काही बोलायच्या आतच सदाभाऊ घाबरून खुर्चीवर बसले, आणि आम्ही ‘थांबा, थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी उलटा हुकूम दिला. जिथं जिथं ‘ला’ दिसेल तिथं ‘ले’. लाखाचा लेख परत आला, लाकराचं लेकरू आलं, ते खरं. पण त्याबरोबर जे जन्मापासून ‘ला’ होते तेही सगळे ‘ले’ झाले. लाल रंगाचा लेल रंग. लागतेचं लेगते. पहिला वाफा भरला, तो पहिले वाफा भरले. आणि आमची ती पाटी: ‘चिखलीत लेइट गेली हाय.’ अख्खं आखर इतकं वऱ्हाडी झालं होतं की वऱ्हाडातल्या माणसालाही कळेना.

मंदा हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, मग खाली बसून, भिंतीला डोकं टेकून. मी हसले. खालून हमाल विचारायला आला, काय झालं म्हणून, आणि आमच्याकडं पाहून तोही हसून गेला. सदाभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. मंदानं ते पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

बॅकअप कसा ठेवावा यावर आमचं एक सुरेख पान होतं. लोक त्याची तारीफ करायचे. आमचा स्वतःचा बॅकअप एका सीडीवर होता, आणि ती सीडी सदाभाऊंच्या वडिलांनी ज्वारीच्या वावरात टांगली होती, चकाकती म्हणून, पाखरं भिण्यासाठी. दोन पावसाळे झेलून ती पार काळवंडली होती. तेव्हा मग एकच उपाय उरला. प्रत्येक पान मोठ्यानं वाचायचं आणि एकेक अक्षर हातानं जागेवर आणायचं.

तो उन्हाळा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात भरलेला. खिडकीला खसाचे, म्हणजे वाळ्याचे, ताटवे, त्यावर तांब्यानं पाणी मारायचं काम माझं. ओल्या खसाचा वास आणि खालून औषधाचा, दोन्ही मिसळून एक तिसराच वास व्हायचा, तो मला पुन्हा कुठं आला नाही. बाहेर जीपवाले ‘खामगाव, खामगाव’ ओरडत असायचे, आणि दुपार चढली की तेही थकून गप्प व्हायचे. सदाभाऊ वाचायचे. मंदा डोळे मिटून ऐकायची. ते एखाद्या ‘ले’पाशी थांबायचे, आणि ती झोपेतल्यासारखी सांगायची, "ला." पुढं. "ले." पुढं. "ला. ला. ले." मी टाइप करायचे. पंखा फिरत असायचा, एखादी गांधीलमाशी ताटव्याला धडका देत असायची, आणि ते ‘ले’ आणि ‘ला’ खोलीभर पसरून राहायचे. कधी कधी माझा डोळा लागायचा आणि झोपेतही ऐकू यायचं. हमालाला वाटायचं आम्ही गाणं शिकतोय.

लाइट गेली की नुसतेच बसायचो. डबा बंद, पंखा बंद, आणि एकाएकी इतकी शांतता की खालच्या दुकानात तराजूच्या पारड्यात वजन ठेवलेलं ऐकू यायचं. मंदा भाकर काढायची. ठेचा इतका तिखट की सदाभाऊंच्या कानांतून धूर निघायचा, पण ते हूं की चूं न करता खायचे. कुणी खाऊ घातलंय ते बघून माणूस तिखट खातो, हे मला तेव्हा कळायला लागलं.

एका दुपारी सदाभाऊ ‘दारं धरणं’ वाचत होते. ते अडले, वाट पाहिली, पण मंदाकडून काही आलं नाही. मला वाटलं झोपली. वळून पाहिलं तर तिचे डोळे उघडे होते. ती त्यांच्याकडं पाहत होती.

"ले का ला?" सदाभाऊंनी विचारलं.

"पुढच्या बारीले लोकं हासले," मंदा म्हणाली, "तं हासू द्या. तुम्ही वाचत जा. तुमच्या तोंडून चांगलं लागते."

सदाभाऊ कानापर्यंत लाल झाले. मी खिडकीकडं तोंड करून ताटव्यावर पाणी मारायला लागले, ताटवे चांगले ओलेचिंब असताना.

मृगाच्या आधी काम संपलं. बियाणं घ्यायला आलेल्यांची खाली गर्दी व्हायला लागली होती, जिन्याशी पोत्यांची थप्पी लागली होती, तिच्यावर चढून आम्ही वर यायचो. शेवटचं पान वाचून झालं, मंदानं ‘हाव’ म्हटलं, आणि आम्ही तिघं एकमेकांकडं पाहत बसलो. आता दुपारी काय करायचं, असा चेहरा होता तिघांचा. मला रडू आलं होतं. एवढं मोठं काम पूर्ण झालं म्हणून नव्हे. ते संपलं म्हणून.

पुढं मी पुण्याला गेले. आखरला भाड्याची जागा घेतली तेव्हापासून सर्व्हरची देखभाल माझ्याकडं आली, ती पुण्यात बसूनही करता यायची. मंदा लिहायची. सदाभाऊ रोज सकाळी दात घासायच्या आधी आखर उघडून बघायचे, उभं आहे की पडलंय. माणसं हळूहळू पांगली. प्रश्न कमी झाले. आता तर कुणाचं अडलं की तो मशीनला विचारतो आणि मशीन क्षणात सांगतं. मीही विचारते, खोटं कशाला बोलू. पण मशीन कधी म्हणत नाही, काऊन ते मले समजलं नाही.

चहा आला. कपाला बशी, बशीत दोन बिस्किटं. सदाभाऊ माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पत्रिकांच्या कामाच्या कॉम्प्युटरवर मंदाचं पान उघडलं.

"हे पाह्य."

‘दारं धरणं’च्या खाली, वाफे आणि मोटर आणि शेजाऱ्याचं वावर संपतं तिथं, भडक रंगात जुगाराची जाहिरात होती. आजच खेळा, आजच जिंका. कुणाच्या तरी जुन्या खात्यातून कुणीतरी आत शिरलं होतं.

"रोज सकाळी मी हे पुसतो," सदाभाऊ म्हणाले. "आज पुसलं का उद्या पुन्हा. डोये दुखतात, चष्मा लावला तरी दिसत नाही धड. एखांद्या दिवशी बरं नसलं का दिवसभर तसंच राह्यते. तिच्या पानावर. तिच्या नावाखाली जुगार." त्यांनी कप खाली ठेवला. "बंद करून टाकू व. कोणी वाचत बी नाही आता. मले पाहवत नाही."

बसमध्ये जे अर्धंमुर्धं जुळवलं होतं तेही माझ्या डोक्यातून उडालं. बोली टिकली पाहिजे, आपलं काम राहिलं पाहिजे, वगैरे. या माणसापुढं ते काय बोलायचं? मी पुण्यात बसून सर्व्हर सांभाळते म्हणजे आखर सांभाळते अशा समजुतीत होते, आणि इथं हा माणूस रोज सकाळी फडकं घेतल्यासारखा आपल्या बायकोचं पान पुसत होता. मला फार वाईट वाटलं. रागही आला, त्या जाहिरातवाल्यांचा.

"भाऊ," मी म्हटलं, "बंद नका करू. कुलूप लावू."

"म्हणजे?"

"ज्याले वाचाचं त्यानं वाचावं. लिहिता कोणालेच येणार नाही. लिहायचा हक्क असलेली जेवढी खाती हायत, तेवढी सगळी एकेक करून बंद करू. मंग कोणी आत शिरूच शकत नाही."

"नवं काहीच येणार नाही?"

"नाही."

"एखांदी चूक सापडली तं?"

"राहीन तशीच."

खाली कुणीतरी कपाशीच्या भावावरून हुज्जत घालत होतं. थंडीचे दिवस, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि सदाभाऊंच्या हातावरच्या शिरा त्यात दिसत होत्या.

"म्हणजे जसं हाय तसंच राहीन," ते म्हणाले.

"हो."

"तिचं बी?"

"तिचं बी."

"मंग कर," ते म्हणाले.

आधी मी ती जाहिरात पुसली. मग सर्व्हरवर जाऊन खात्यांची यादी काढली. मी नाव वाचायचे, सदाभाऊ चष्मा कपाळावर सरकवून त्या माणसाबद्दल काहीतरी सांगायचे, आणि मी ते खातं बंद करायचे. घाई करावीशी वाटत नव्हती. पिंपळगाव राजाचे मास्तर आले. "रिटायर झाले. नातवाले शायेत सोडाले जातात आता. दिवाळीले फोन असते त्यायचा. कर." एक परदेशी गेलेला. "त्याले कुठी आपली आठवण हाय. कर." एक मुलगी, जिनं फक्त एकच पान लिहिलं होतं, पण काय सुंदर लिहिलं होतं. "तिचं लगन झालं. पत्रिका मीच छापली. कर." काही नावं आम्हा दोघांनाही आठवेनात. ती बंद करताना सदाभाऊ हात जोडल्यासारखं करायचे.

मग त्यांचं स्वतःचं नाव आलं. "कर ना," ते म्हणाले. "थांबली काऊन?" मी ते बंद केलं. त्याखाली माझं होतं. तेही केलं. आपलं नाव असं आपल्याच हातानं मिटवलं.

यादीत एकच नाव उरलं. मंदा.

ऑफिसात नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. जे खातं कुणी वापरत नाही, ज्याचा माणूस आता नाही, ते सगळ्यात आधी बंद करायचं. चोर तिथूनच येतो. माझं बोट बटणावर होतं.

"ते राहू दे," सदाभाऊ म्हणाले.

"भाऊ, उघडं खातं ठेवत नसतात. कोणी घुसलं तं?"

"कोण घुसन? पासवर्ड तिलेच माहीत व्हता. मले बी सांगतला नाही कधी."

"पण भाऊ, आता ते..."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, आणि तिच्या नावाकडं पाहत, मला नव्हे तर जणू त्या पडद्यालाच सांगितलं, "राहू दे. तिले लिहायचं असन तं लिहू दे."

मी बटणावरून बोट काढलं आणि यादी बंद केली. आखरवर आता एकट्या मंदाला लिहिता येतं.